नारळ खवून घेतलेली अंगठी

सर छत्री घ्यायला आले, की वेंगुर्ल्याच्या बाजारातला छत्रीवाला आधी दुकानाशेजारचा नळ बंद करून टाकायचा. त्याचा उपयोग व्हायचा नाही. सर खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढायचे, छत्री उघडून उलटी धरायचे, तिच्यात पाणी ओतायचे आणि खाली थेंब पडतो का ते बघत शांत उभे राहायचे. बघ्यांची गर्दी जमायची. छत्रीवाला कळवळून म्हणायचा, "मास्तरांनू, कंपनीची गॅरंटी आसा हो." सर म्हणायचे, "गॅरंटी कागदाची आसा. पावस कापडार पडतलो."

छत्री गळली नाही तर ते पूर्ण किंमत देत, एक रुपयाची घासाघीस करत नसत. गळली तर ओली छत्री स्वतःच्या रुमालाने पुसून, घड्या घालून, पट्टा लावून परत देत. दुकानदार वैतागत, पण त्यांच्यावर रागावलेला एकही दुकानदार मला आठवत नाही.

ते आमच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत आणि मी त्याच शाळेत लिपिक. माझं काम याद्यांचं. पटाची यादी, पगाराची यादी, खरेदीची यादी. यादी नीट झाली की काम निम्मं झालं, असा माझा अनुभव आहे. सरांचं म्हणणं असं की यादीत सगळ्याच वस्तू चांगल्या असतात. त्यामुळे मुख्याध्यापकांनी शाळेची खरेदी आम्हा दोघांवर सोपवली. मी लिहायचं, सरांनी तपासायचं.

शिक्षकांच्या खोलीसाठी खुर्च्या घ्यायला आम्ही कुडाळला गेलो, तेव्हा सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बरोबर घेतला होता. का, ते दुकानात कळलं. एकेका खुर्चीवर बसून त्यांनी पेपर तपासले. कुठल्या खुर्चीवर पाठ लवकर दुखते ते त्यांना बघायचं होतं. दुकानदाराने पहिल्या खुर्चीला चहा दिला, दुसऱ्या खुर्चीला गप्पा मारल्या, नंतर तो घड्याळ बघू लागला आणि शेवटी म्हणाला, "मास्तरांनू, दुकान बंद करूचा आसा."

"दोन खुर्च्यो रवल्यो. झालाच," सर मान वर न करता म्हणाले.

त्या खुर्च्या अजून आमच्याकडे आहेत. नंतर आलेल्या सगळ्या मोडल्या.

अंगकाठी बारीक, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेनं आणि खांद्यावर ती पिशवी. पिशवीत बाटली, सुतळी, लोहचुंबक, भिंग आणि एक लिंबू. लिंबू कशाला, ते मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी दाखवलं असतं. मुलं त्यांना पाठीमागे 'टेस्टिंग मास्तर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. "खोटं तर म्हणत नाहीत ना," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. शाळेत ते शुद्ध बोलत आणि फाटकाबाहेर पाय पडला की मालवणीत शिरत. मी मात्र त्यांच्यासाठी फाटकाबाहेरही ऑफिसच राहिले. एक प्रसंग सोडला तर माझ्याशी ते कायम शुद्धच बोलले.

एकदा किल्ल्यावर सहल न्यायची ठरली. होडीतून जायचं म्हणून पालक घाबरले. शाळेने जीवरक्षक जॅकेटं भाड्याने आणली. मी ती मोजून, नोंदवून खोलीत लावली. दुसऱ्या दिवशी सर त्यातलं एक अंगात चढवून वेंगुर्ल्याच्या जेटीवर गेले आणि कपड्यांसकट पाण्यात उडी टाकली. मासे उतरवणारे लोक धावले. सर लाटांवर सरळ उभे तरंगत होते आणि हात हलवून सगळ्यांना लांब राहायला सांगत होते. वर आल्यावर लक्षात आलं की मोबाइल खिशातच राहिला होता आणि चष्मा तळाला गेला होता. संध्याकाळी ओल्या अंगाने ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "बाई, जॅकेट पास. मी नापास." त्या सहलीला एकाही पालकाने मुलाला घरी ठेवलं नाही. गावात ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात. मी ती सांगते तेव्हा हसत नाही.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणत, "या एका गोष्टीत आधी करून बघता येत नाही." पन्नाशी उलटली तरी उत्तर तेच होतं.

ते जेवायला बंदराच्या रस्त्यावरच्या एका खानावळीत जात. खानावळ एका बाईंची. त्यांचे यजमान ट्रॉलरवर होते, ते जाऊन खूप वर्षं झाली होती. हातातल्या बांगड्या विकून त्यांनी ही खानावळ उभी केली, मुलाला शिकवून जहाजावर नोकरीला लावलं. सगळं बंदर त्यांना काकी म्हणायचं, त्यामुळे सरही काकीच म्हणत, वयाने ते मोठे असूनही. काकींच्या बांगडा माशाच्या सारात तिरफळं कमी पडली तर सांगणारं गिऱ्हाईक एकटे सरच.

"मास्तर, तुमी गपचूप जेवा," काकी म्हणायच्या. "परीक्षा पोरांची घेवा."

"तुमका पासच केलंय. फक्त दोन मार्क कापलंय."

"कापा. माशे तरी तुमका खंय कापूक येतत."

हे वर्षानुवर्षं चाललं. मग एका मे महिन्यात काकींची कामाला येणारी बाई गावी गेली ती परतलीच नाही. पर्यटक भरपूर, हात अपुरे. सरांना शाळेची सुट्टी होती. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि भांडी विसळायला बसले. सगळी सुट्टी त्यांनी तिथे भांडी विसळली, नारळ फोडले, पाणी भरलं, पैसे घेतले. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी काकींनी विचारलं, "आता ताटा कोण विसळतलो?"

"मीच," सर म्हणाले.

"शाळा सोडून?"

"शाळा सुटल्यार."

काकींनी हातातला झारा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतले ता तुमका ठावक आसा मां?"

"म्हणानच इचारतंय," सर म्हणाले, आणि त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्यांनी माझ्यासमोर बसून हे सगळं क्रमवार सांगितलं. वर म्हणाले, "बाई, महिनाभर करून बघितलं. जमतं." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ऑफिसात कधी डोळे पुसले नव्हते. त्या दिवशी पुसले आणि लगेच हजेरीपट उघडला.

सरांच्या घरचं म्हणावं असं मोठं माणूस एकच, मुंबईच्या वहिनी. थोरला भाऊ वारलेला. वहिनींनी फोनवर विरोध केला नाही, पण सल्ला दिला. या वयात साखरपुडा कशाला, रजिस्टर लग्न करा, देवळात हार घाला, बोलवाबोलवी करू नका. सरांनी हे काकींना जसंच्या तसं सांगितलं. ते काहीच गाळून सांगत नसत, हा त्यांचा एक दोष होता.

काकी त्या वेळी कोळंबी सोलत होत्या. मीही तिथेच होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "मास्तर, चोरून काय्येक करूचा नाय. हयसर, माझ्या खळ्यात मांडव घालून, माणसांक जेवक बोलवून साखरपुडो करूचो. नि माका हिऱ्याची अंगठी व्हयी."

सरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. काकींनी कधी कोणाकडे काही मागितलेलं आम्हाला माहीत नव्हतं.

"पेटयेत ठेवची नाय हां ती," काकी पुढे म्हणाल्या. "रोज हातात रवाक व्हयी. रांदताना, धुताना, वाढताना. कामाक बसताना काढून ठेयलंय, तर लोक म्हणतले, हिका लाज वाटली. माझ्या हातार लोकांनी आजवर हळद नि मीठच बगल्यानी. आता हिरोय बगूंदे."

मला ते तेव्हाच कळलं. ही हौसेची गोष्ट नव्हती. अंगठी बोटावर राहिली तर ते लग्न उघड्यावर राहणार होतं. डबीत गेली तर लग्नही डबीतच जाणार होतं.

सरांनी एक रक्कम ठरवली. घराचं छप्पर नुकतंच नवीन केलेलं, त्यामुळे रक्कम बेताची. कर्ज काढायचं नाही, हप्ते नकोत. "या रकमेत बसेल ते उत्तम," ते म्हणाले, "आणि उत्तम नसेल तर घेणार नाही." मी कामाला लागले. हिऱ्याची किंमत कशावर ठरते ते वाचून काढलं. वजन, रंग, आतले डाग आणि पैलू, अशा चार गोष्टींवर ती ठरते. चारही उत्तम हव्या असतील तर सरांच्या रकमेत हिऱ्याची डबीच आली असती.

आधी पणजीला गेलो, मोठ्या दुकानात. काउंटरवरच्या मुलीने मखमलीवर हिरे मांडले. वरून इतके दिवे होते की माझी काचेची बांगडीसुद्धा लखलखत होती. सरांनी पिशवीतून सुतळी, लोहचुंबक बाहेर काढत भिंग शोधलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "जरा दिवे बंद करता का?"

मुलीला वाटलं, तिने चुकीचं ऐकलं.

"दिवे. दुकानात सगळंच चमकतंय. त्यांच्या घरी एवढे दिवे नाहीत."

व्यवस्थापक आले. दारावरचा रखवालदार दोन पावलं आत आला. पिशवीतून भिंग, लोहचुंबक आणि सुतळी बाहेर काढलेला माणूस दिवे बंद करायला सांगतो आहे, तर त्यांचंही चुकत नव्हतं. मी पुढे होऊन शाळेचं ओळखपत्र दाखवलं. शेवटी त्यांनी एका काउंटरवरचे दिवे मालवले आणि रखवालदाराच्या देखरेखीत आम्हाला हिरे दाराशी, उजेडात नेऊ दिले. सगळ्यात मोठा हिरा तिथे खडीसाखरेसारखा दिसायला लागला. एक लहान होता, तो मात्र तसाच जिवंत.

"ह्याचे पैलू चांगले पाडलेत," ती मुलगी म्हणाली. तिला आता गंमत वाटायला लागली होती. मग आवाज उतरवून मला म्हणाली, "मॅडम, बरोबर अर्ध्या कॅरटचा मागू नका. त्याच्या जरा खालचा मागा. डोळ्याला फरक दिसत नाही, किमतीत दिसतो." हे मी लगेच टिपून घेतलं. कोणाला उपयोगी पडावं म्हणून इथेही लिहिते.

तरीही आकडा आमच्या वरच जात होता. तेव्हा त्या मुलीने दुसरा ट्रे काढला. हे हिरे कारखान्यात, यंत्रात तयार केलेले. दुप्पट मोठे आणि किंमत निम्म्याहून कमी. सरांचा चेहरा उजळला. हिरा माणसाने बनवला, ही गोष्ट त्यांना हिऱ्यापेक्षा मोठी वाटली. परतीच्या एसटीत ते मला कार्बनचे अणू सुतळीच्या गाठी मारून समजावत होते. बांद्यापर्यंत मला समजलं, पुढे घाट नसतानाही डोकं फिरलं.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे खोटो?"

"खरो. शंभर टक्के खरो. कार्बन तो कार्बन. जमिनीखाली होता, तसोच यंत्रात होता. भिंगातून बगलास तरी सांगूक येवचा नाय."

काकींनी विचार केला. घाईत निर्णय घेणाऱ्यातल्या त्या नाहीतच. "कोळंबी तळ्यातली येता, तशी समुद्रातलीय येता," त्या म्हणाल्या. "दोनीव कोळंबीच. तळ्यातली मोठी नि स्वस्त. मी ती रांदतंय, सांगान वाढतंय, लोक बोटा चाटीत खातत. तेका मी नाव ठेवणंय नाय. पण माका स्वताक घेवची झाली, तर मी समुद्रातली घेतंय. बारीक असली तरी."

"कोळंबयेत चवीचो फरक असता," सर म्हणाले. "हिऱ्यात चव खंय आसा?"

"ती माका कळतली, मास्तर. तुमी किंमत बगा."

सरांनी आणखी एकदा अणू काढले. काकींनी भाताचं पातेलं उतरवलं. सर उठले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, मुद्दा माझा बरोबर आहे. पण अंगठी त्यांची आहे." हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

म्हणजे आता खाणीतला हिरा हवा, तो लहान असणार, रक्कम तीच आणि अंगठी कामात बोटावर राहायला हवी. पणजीच्या सगळ्या अंगठ्यांमध्ये हिरा उंचावर, चार नखांनी धरलेला होता. दिसायला सुरेख. पण सरांनी तिथेच एका अंगठीवरून रुमाल ओढून बघितला होता आणि रुमालाचा धागा निघाला होता.

सावंतवाडीला एक जुनं, छोटं दुकान आहे. मालक तरुण, वडिलांच्या जागी बसलेले. काकींना खानावळ बंद ठेवून यायला वेळ नव्हता. त्यांच्या आणि माझ्या बोटाचं माप एकच निघालं, म्हणून मला बोटाच्या कामासाठी नेलं होतं. त्या दिवशी सरांकडे नेहमीच्या पिशवीबरोबर एक मोठी पिशवी होती. दुकानात शिरल्यावर त्यांनी तिच्यातून नारळ खवायची विळी काढली. मग सोललेला नारळ. मग तांदळाच्या पिठाची पुडी. मग बर्फात ठेवलेला एक डबा.

"डब्यात काय आहे, सर?" सोनारांनी विचारलं.

"बांगडे."

सोनारांनी हात जोडले. "सर, नारळ चालेल, पीठ चालेल. बांगडे बाहेर ठेवा."

"बांगड्याशिवाय प्रयोग अपुरा राहील."

"मग मागच्या पायरीवर. इथे नको. दुकानात लक्ष्मीचा फोटो आहे."

असं ठरलं. सोनार समंजस होते. त्यांनी सोन्याला हात लावू दिला नाही. चांदीच्या, काचेचे खडे बसवलेल्या नमुन्याच्या अंगठ्या काढल्या. एक उंच चार नखांची, एक बसक्या सहा नखांची आणि एक जुन्या पद्धतीची, जिच्यात खड्याभोवती धातूची पूर्ण कड असते. तिला ते बंद कोंदण म्हणाले.

मी पदर खोचला आणि पाटावर बसले. जोडवी घ्यायला आलेल्या दोन बायका खरेदी थांबवून बघत राहिल्या. पहिली अंगठी घालून अर्धी वाटी खवली. खोबऱ्याचा कीस खड्याच्या खाली जाऊन बसला, टाचणीनेसुद्धा निघेना. उठताना नखं पदरात अडकली ती निराळीच. दुसरी घालून भाकरीचं पीठ मळलं. सहाही नखांखाली पीठ वाळून बसलं, खड्याला जणू पांढऱ्या दाढा फुटल्या. तिसरी घालून दोन्ही कामं केली आणि अंगठा फिरवला. साफ.

"बाई, बांगडो," सर म्हणाले. माझ्याशी ते मालवणीत बोलले, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग शाळेची लिपिक, निवृत्तीला आलेली बाई, सावंतवाडीच्या सोनाराच्या मागच्या पायरीवर बसून बांगडा साफ करू लागली. कल्ले काढले, पोट साफ केलं, धुतला. जोडवीवाल्या बायका मागे आल्याच होत्या. त्यातली एक म्हणाली, "गो बाय, ह्यो सोनार की कोळी?" दुसरी म्हणाली, "गप गो. बरा करतत ते. माझी अंगठी नळाकडे गेली ती गेलीच." बंद कोंदणाची अंगठी साबणाने एकदा धुतली की वासही उरला नाही.

सोनारांनी प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली. बंद कोंदणात हिरा लहान वाटतो, कारण बाजूने दिसत नाही.

"बाजूने कोण बघणार?" सर म्हणाले. "ज्याला त्या ताट वाढतील तो वरूनच बघेल."

आणि मग पैशांचं कोडं आपोआप सुटलं. सोन्याची पिवळी कड चहूबाजूंनी येणार, म्हणजे हिऱ्यात किंचित पिवळी झाक असली तरी ती दिसणार नव्हती. रंगावर वाचलेले पैसे पैलूंवर घालता येणार होते. सोनारांनी रकमेत बसणारे दोन हिरे काढले. सरांनी मला दुकानाच्या पागोळीखाली, सावलीत पाठमोरं उभं केलं, हिऱ्यांची अदलाबदल केली आणि हातभर अंतरावरून विचारलं, कुठला. मी सांगितलं. पुन्हा अदलाबदल. दर वेळी मी तोच दाखवला, आणि त्या दोन बायकांनीही तोच.

"कागदावर दुसरा वरचा आहे," सोनार म्हणाले.

"कागद बोटात घालायचा नाही," सर म्हणाले.

कागद मात्र मी मागून घेतला. हिरा घेताना प्रमाणपत्र सोडू नये, या बाबतीत मी सरांचंही ऐकलं नसतं. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा सावंतवाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत रिकामीच राहिली. उरलेले बांगडे माझ्या मांडीवर होते.

साखरपुड्याला काकींच्या घरापुढच्या खळ्यात मांडव पडला. बंदरावरचे लोक आले, शाळा आली, जहाजावरून रजा काढून काकींचा मुलगा आला. छत्रीवालाही आला. मुंबईहून वहिनी आल्या, रेशमी साडीत, जरा ताठ. सरांनी अंगठी हातात घेतली. एक अडचण मात्र राहिली होती, काकींना आता काय म्हणायचं. साऱ्या बंदरासमोर 'काकी' म्हणता येईना आणि नाव तोंडात बसेना. शेवटी ते म्हणाले, "ऐका, बोट सरळ धरा." तेव्हापासून आजतागायत ते त्यांना 'ऐका' म्हणूनच हाक मारतात.

जेवणाची वेळ झाली तशी काकी उठल्या, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. सोलकढीसाठी नारळाचा रस पिळायचा राहिला होता. बायका मागून धावल्या. आजच्या दिवशी तरी बसा, आम्ही करतो. "माझ्या दारात जेवक इल्ल्यांची कढी मीच करतलंय," काकी म्हणाल्या आणि दोन्ही हात खोबऱ्यात घातले. दाराशी घोळका झाला. मी मुद्दाम पुढे उभी राहिले, कारण काय बघायचं ते मला ठाऊक होतं. पांढऱ्या रसातून हात वर आला, काकींनी अंगठा फिरवला, आणि तो लहानसा हिरा चुलीच्या उजेडात लख्ख झाला.

वहिनी माझ्या शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, अंगठी काढून ठेवा ना. खराब होईल."

"काढूची नाय ती," काकी म्हणाल्या. "तशीच करून घेतली आसा."

वहिनी वाकून बघायला लागल्या. "हिरा जरा बारीकच आहे, नाही?"

काकींनी पुढची मूठ पिळली.

"बारीक आसा," त्या म्हणाल्या. "पण रांदपघरात माझ्याबरोबर इलो. तुमचीय हिऱ्याची आसा मां? खंय ती?"

वहिनींनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "पाणी लागतं ना सारखं. फोटोपुरती घालते."

कोणी तरी फस्सकन हसलं. वहिनीही हसल्या, आधी थोडं आणि मग मनापासून. मुंबईला जाऊन त्यांना चाळीस वर्षं झाली असतील, पण त्या माहेरच्या वेंगुर्ल्याच्याच. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, रेशमी पदर कमरेला खोचला आणि काकींच्या शेजारी पाटावर बसल्या.

"सरक गो जाऊबाय," त्या म्हणाल्या. "तो दुसरो नारळ हयसर दी."

सर पत्रावळींचा गठ्ठा घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. वळले, खळ्यात गेले आणि पंगत बसायच्या आधीच, रिकाम्या पाटांपुढे, भरल्या मनाने पत्रावळी मांडत सुटले.